राखेची करवंटी

आमच्या जुन्या घराच्या मागल्या दारी दगडी मोरी होती. मोरीच्या वर भिंतीत एक कोनाडा आणि कोनाड्यात कायम दोन करवंट्या. एकीत चाळलेली राख, दुसरीत भिजल्या चिंचेचा चोथा. शेजारी नारळाची शेंडी. घरातली सगळी भांडी एवढ्या सामानावर निघायची. पाच-सहा वर्षांमागं आमच्या नव्या घरातलं बेसिनखालचं कपाट उघडलं तर त्यात सात बाटल्या निघायच्या. भांड्याची वेगळी, फरशीची वेगळी, काचेची वेगळी, संडासाची वेगळी. दोन करवंट्यांच्या सात बाटल्या कशा झाल्या आणि त्यातल्या पाच आम्ही पुन्हा घराबाहेर कशा काढल्या, ते सांगायला बसलोय.

माझा जन्म १९५९ चा. गाव कराड आणि पाटणच्या मधे, कोयनेच्या खोऱ्यात. नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. त्या बॅचला मी पास झालो आणि लगेच औतामागं गेलो. म्हणजे शाळेतलं रसायनशास्त्र माझं तेवढंच. पण शास्त्राच्या सरांनी राखेचं कोडं सोडवून दिलेलं अजून ध्यानात आहे. लाकडाच्या राखेत क्षार असतो. ओल्या हातानं ती तेलकट भांड्यावर चोळली की क्षार आणि तेल मिळून थोडासा साबणच तयार होतो. वर राखेचे बारीक कण घासायचं काम करतात ते वेगळंच. चिंचेत आम्ल असतं, त्यात तांब्यापितळेवरचा काळा-हिरवा थर विरघळतो.

आई शाळेची पायरी चढली नव्हती. पण पितळेला चिंच आधी आणि राख नंतर, मधे पाण्यानं धुवायचं, हे तिचं पक्कं होतं. दोन्ही एकत्र लावलं तर आई म्हणायची, "दोघांचाबी जोर मरतोय." आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात, हे मी पुढं शाळेत शिकलो. आईनं ते मोरीवर बसून शोधलं होतं, नाहीतर तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं.

धुण्याची तऱ्हा निराळी. रोजचं धुणं नदीवर, दगडावर आपटून. अंथरुणं-पांघरुणं, बाळंतपणाचे कपडे यांना धुण्याचा सोडा किंवा पापडखार लागायचा. घोंगडी आणि आजीचं एकुलतं रेशमी लुगडं मात्र रिठ्यातच निघायचं, कारण सोड्यानं लोकर आणि रेशीम दोन्ही मरतं. रिठे आणि शिकेकाई डोंगरातली माणसं बाजाराला घेऊन यायची. आमची आजी शेंगा देऊन रिठे घ्यायची. रिठ्याच्या सालीत फेस देणारा पदार्थ असतो. साबणाचा फेस जड पाण्यात मरतो, रिठ्याचा मरत नाही. सोनाराच्या दुकानातही डागिने उजळायला रिठ्याचं पाणी असायचं.

जमीन शेणानं सारवलेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात आमच्या घराची पडवी आणि एक भिंत बसली. नव्यानं बांधताना वडिलांनी सोप्याला शहाबादी फरशी घातली. तेव्हापासून सारवण आत फक्त स्वयंपाकघरात आणि बाहेर अंगणात उरलं. म्हणजे आमच्या घरातली पहिली जुनी चाल कुठल्या कंपनीनं नाही, भूकंपानं मोडली.

इथवर वाचून शहरातल्या वाचकाला वाटेल, काय शुद्ध दिवस होते. आमच्याकडं पाहुणे येतात तेही असंच म्हणतात. मी आधी मान हलवायचो. आता हलवत नाही. कारण मला आईचे हात दिसतात.

राखेतला क्षार भांड्याचं तेल खातो, तसाच हाताचंही खातो. आईच्या बोटांना बारा महिने भेगा. थंडीत त्यातून रक्त यायचं. रात्री जेवणं उरकली की ती चुलीपाशी बसून भिरंडेलाचा गोळा दिव्यावर धरायची आणि वितळलेले थेंब भेगांत सोडायची. हा गोळा म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, घाटाखालून यायचं. थेंब पडला की "स्स" करायची. पुन्हा पहाटे उठून तेच हात राखेत. घरात आम्ही अकरा माणसं. अकरा माणसांची भांडी, अकरा माणसांचं धुणं, दर आठ दिवसांनी सारवण. यातलं एक काम वडिलांनी किंवा आम्ही भावांनी कधी केल्याचं मला आठवत नाही. पैसा लागत नव्हता हे खरं. पण फुकट नव्हतं. त्याची किंमत आई चुकवत होती.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. आठव्या दिवशी गेली. दूध ओढंना, मग अंग ताठ व्हायला लागलं. घरात सगळ्यांनी बाहेरचं काहीतरी म्हणून सोडून दिलं. पुढं माझी धाकटी बहीण झाली तेव्हा घरी आलेल्या सरकारी नर्सबाईंनी पहिल्या बाळाचं सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, तो धनुर्वात होता. नाळ विळ्यानं कापली होती आणि वर शेणाची राख लावली होती. शेणात, मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. राख आणि शेण आमच्याकडं पवित्र. त्या पवित्र गोष्टीनंच मूल नेलं, हे आईला कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. आई-बाळाच्या धनुर्वातातून आपला देश मुक्त झाल्याचं जाहीर व्हायला २०१५ साल उजाडावं लागलं. ते लसीमुळं आणि स्वच्छ बाळंतपणामुळं झालं. शेण जमिनीला चांगलं, खताला चांगलं, पण जखमेला नाही. नैसर्गिक म्हटलं की माझा हात आधी या आठवणीवर जातो.

म्हणून पावडर आली तेव्हा आईला झालेला आनंद मला खोटा वाटत नाही. सर्फ देशात १९५९ सालापासून विकायला होती, पण ती शहरातल्या पगारदार घरांची. आमच्यासारख्यांच्या घरात पोचली ती निरमा. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरच्या आवारात पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली होती. आमच्या गावच्या दुकानात ती येईपर्यंत पुढची बरीच वर्षं गेली. पहिल्या दिवशी आईनं अंथरुणं भिजत घातली, तासाभरानं चोळली आणि पाणी काळं झालेलं बघून हसायलाच लागली. म्हणाली, "आरं, ह्या पुडीनं माझं मनगाट वाचलं." रिकाम्या पिशव्या तिनं धुऊन ठेवल्या आणि त्यात भोपळ्याचं बी साठवलं.

पावडर जिंकली त्याला आणखी एक कारण होतं, ते पाणी. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर पडली. बोअरचं पाणी जड. त्यात वडीचा साबण फेसच देत नाही, नुसता चिकट राळा कपड्याला धरतो. पावडर तसल्या पाण्यातही चालते. स्टीलची भांडी आली तशी चिंच गेली, कल्हईवाला गेला. आधी कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकायचं, ती भीतीही गेली. घरोघर गॅस आला तशी चूल गेली आणि राखच संपली.

नुकसान दिसायला वेळ लागला. मला ते पहिल्यांदा परसात दिसलं. मोरीचं पाणी सोडलेल्या आळ्यात आमचा अळू आणि कर्दळ माजलेली असायची. हळूहळू अळूची पानं कडेनं करपायला लागली आणि आळ्याची माती वाळली की दगडासारखी घट्ट. उसाला पाणी जास्त देऊन खारावलेली रानं मी आमच्या भागात खूप बघितलीत. परसातल्या मातीचं लक्षण तेच होतं. धुण्याच्या सोड्यात आणि पावडरीत सोडियम असतं. ते साठत गेलं की मातीचा पोत मोडतो, पाणी मुरत नाही. रानात पोत सुधारायला जिप्सम टाकणारा मी, घरामागं रोज बादलीनं खार ओतत होतो.

गुळाचंही असंच झालं. पूर्वी गुऱ्हाळात रसाची मळी काढायला रानभेंडीचं बुळबुळीत पाणी घालायचे. मग गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा झाला आणि हायड्रॉस पावडर आली. स्वच्छ म्हणजे पांढरं आणि चकचकीत, अशी आपली नजरच त्या काळात बदलली.

२००० साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावात संडास वाढले, ते फार चांगलं झालं. बायकांची अंधार पडायची वाट बघणं सुटलं. पण संडासामागोमाग ॲसिडच्या बाटल्याही घरात आल्या. आमचा संडास गोबरगॅसला जोडलेला. गॅसचा खड्डा आम्ही १९८६ साली सरकारी योजनेतून बांधला होता.

२०२० च्या टाळेबंदीत मुलगा, सून आणि नात पुण्याहून गावी आली. सगळ्यांच्या मनात भीती. सूनबाई दिवसातून दोनदा सगळं घर धुवायची. एक दिवस तिनं संडासात ब्लीचिंग पावडर टाकली आणि चांगलं निघावं म्हणून वरून ॲसिड ओतलं. दार लोटलेलं होतं. खोकल्याचा आवाज ऐकून आमची मंडळी धावली. सूनबाई भिंतीला धरून उभी, डोळ्यांतून पाणी, श्वास लागेना. आत उग्र वास. तिला बाहेर अंगणात आणून बसवलं, तोंड-डोळे धुतले आणि गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत जिवावर बेततं. दोन दिवस ती धापा टाकत होती. नशीब, नात तिच्या मागं मागं आत गेली नव्हती.

त्याच आठवड्यात गॅसची ज्योत बसली. मंडळी म्हणाली, "आवं, चहासुदीक हुईना." खड्ड्यातले जंतू शेण कुजवून गॅस करतात, तेच ॲसिडनं आणि फिनेलनं मारले होते. संडासात काहीही ओतणं बंद केलं, ताजं शेण कालवून घालत राहिलो, तेव्हा तीनेक आठवड्यांनी ज्योत पुन्हा निळी झाली.

सूनबाई बरी झाल्यावर तिनंच विचारलं, "मामा, मग आधी कशानं धूत होता?" त्या प्रश्नापासून आमच्या घरात बदल सुरू झाला. मी बाजारातून दोन किलो रिठे आणले. वीसेक रिठे फोडून बिया काढायच्या, साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी वीस मिनिटं उकळायच्या, गार झाल्यावर कुस्करून गाळायच्या. या पाण्यात साधी भांडी निघतात, फरशी निघते, लोकरीचे आणि रेशमी कपडे निघतात. पण हे पाणी आठवड्याभरात आंबतं, म्हणून थोडंच करायचं. डोळ्यांत गेलं तर भयंकर चुरचुरतं. तेलाचा डबा आणि शेतातनं आलेले चिखलाचे कपडे याला दाद देत नाहीत. त्यासाठी वडीचा साबण आम्ही ठेवलाय. संडासाहून आल्यावर हात धुवायलाही साबणच, तिथं तडजोड नाही.

लिंबाच्या सालींचं आंबवणही करून बघितलं. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने ठेवायचं. पहिल्या खेपेला मी झाकण घट्ट लावून विसरलो. कॅन फुगून फुटला आणि माळवदावरच्या शेंगा सगळ्या आंबट पाण्यात. मंडळीनं आठ दिवस तोंड सोडलं नाही. आता पहिला महिना रोज झाकण सैल करतो. हे पाणी बेसिनवरचा पांढरा थर काढतं, पण जंतू मारायच्या भरवशाचं नाही, म्हणून आजारपणात त्यावर विसंबत नाही. संडासाला रोज नुसता ब्रश मारला तर थर बसतच नाही, हे आम्हाला इतक्या वर्षांनी कळलं. ब्लीचिंग पावडर फक्त पाण्याच्या टाकीसाठी आहे, वेगळ्या खोलीत, ॲसिड घरात नाही.

राख अंघोळीच्या बंबातून मिळते. ती चाळायचं काम माझं. तांब्यापितळेची भांडी रविवारी मी आणि मुलगा घासतो. राखेआधी हाताला खोबरेल लावतो, नंतर धुऊन पुन्हा लावतो. पहिल्या रविवारी चार घागरी घासल्या तर दुसऱ्या दिवशी मला कुळवाची मूठ धरवंना. आईनं हे पन्नास वर्षं केलं. ती २००९ साली गेली. तिच्यासमोर मी एक तांब्याही कधी घासला नाही.

परसात अळू पुन्हा धरलाय, पानं अजून लहान आहेत. बांधावर रिठ्याची दोन रोपं लावलीत. त्यांना फळ यायला बरीच वर्षं लागतात. तोवर रिठे बाजारातनं आणायचे.