पिस्तुलाच्या म्यानाची साक्ष

पिस्तूल सरकारजमा होते, विकले जाते किंवा गंजून नाहीसे होते. मागे उरते ते त्याचे चामड्याचे म्यान. इंग्रजीत त्यास ‘होल्स्टर’ म्हणतात. जुन्या पेटीत असे एखादे म्यान सापडले की, त्याच्याभोवती लगेच एखादी कथा गुंफली जाते: हे अमुक लढाईतले, तमुक सेनापतीचे! कथा रम्य असते. परंतु तिच्या सत्यतेविषयी आम्ही प्रथम त्या चामड्यालाच प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न घडणीचा. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपीय घोडेस्वारांची पिस्तुले लांब व अवजड असत. म्हणून त्यांची म्याने खोगिराच्या पुढील भागी, दोन्ही बाजूंस एकेक, अशी जोडीने टांगलेली असत. एकोणिसाव्या शतकात आटोपशीर रिव्हॉल्व्हर आले आणि म्यान स्वाराच्या कमरपट्ट्यावर स्थिरावले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धात घोडदळाचे म्यान उजव्या कमरेवर असे. परंतु पिस्तुलाची मूठ पुढच्या बाजूस येई. उजव्या हाती तलवार असता डाव्या हाताने पिस्तूल उपसता यावे, असा त्यामागील हेतू सांगितला जातो. हे ठाऊक नसणारा ते म्यान डावखुऱ्या माणसाचे समजून बसतो.

घडणीमागे कधी एखाद्याचे दुःखही दडलेले असते. बराकपूर येथे १८२४ साली जन्मलेले ब्रिटिश अधिकारी सॅम ब्राऊन यांनी ३१ ऑगस्ट १८५८ रोजी उठावकाळातील एका चकमकीत आपला डावा हात गमावला. तलवार उपसताना म्यान स्थिर धरणारा हातच उरला नाही. तेव्हा त्यांनी कमरपट्ट्यास जोडून उजव्या खांद्यावरून तिरपा पट्टा घेतला. त्याने तलवारीचा भार पेलला आणि उजव्या कमरेवर पिस्तूल राहिले. हाच ‘सॅम ब्राऊन’ पट्टा पुढे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या गणवेशाचा भाग झाला.

दुसरा प्रश्न शिक्क्याचा. अमेरिकेच्या १९१६ च्या नमुन्यातील म्यानाच्या झापेवर लंबवर्तुळात ‘यू. एस.’ ही अक्षरे असतात. ते १९११ च्या नमुन्याच्या कोल्ट पिस्तुलासाठी बनविलेले. जर्मन ल्यूगर पिस्तुलाच्या ताठ म्यानाला पुढील कडेस जादा काडतूसपेटीचा कप्पा असतो, तर मागे कारागिराचे नाव व वर्ष आढळते. दुसऱ्या महायुद्धात मात्र या नावाच्या जागी सांकेतिक अक्षरे उमटू लागली. ब्रिटिश सरकारी मालावर रुंद फाळाच्या बाणाची खूण असे. तिच्याखाली इंग्रजी ‘आय’ हे अक्षर असल्यास तो माल हिंदुस्थान सरकारचा समजावा.

तथापि शिक्क्याचीही मर्यादा ओळखावयास हवी. शिक्का वस्तूचा जन्म सांगतो, तिचा प्रवास सांगत नाही. दोन्ही महायुद्धांत असंख्य ल्यूगर पिस्तुले शत्रूसैनिकांनी लूट म्हणून आपापल्या देशी नेली. तेव्हा इंग्लंडमधील एखाद्या घरात जर्मन म्यान आढळले, तर घरातील कथा खोटी ठरत नाही आणि शिक्काही खोटा ठरत नाही. दोघांची साक्ष वेगवेगळ्या गोष्टींविषयी असते.

शिवाय संग्राहकांच्या बाजारात जुन्या चामड्यावर नवे शिक्के मारणारेही आहेत. म्हणून टाके पाहावेत, बकलाखालील छिद्रे पाहावीत, आतील बाजूस शस्त्राचा आकार उमटला आहे काय, हेही न्याहाळावे. ‘स्वच्छ’ करण्याच्या उत्साहात तेल वा पॉलिश मात्र चोळू नये. झापेच्या आत सैनिकाने शाईने लिहिलेले नाव असल्यास तेच प्रथम पुसले जाते.

ते नाव बहुधा कुणा सेनापतीचे नसते. एखाद्या अप्रसिद्ध सैनिकाचे, कुणाच्या तरी मुलाचे असते. मोठ्या माणसाचे नाव त्या म्यानास चिकटविण्याच्या मोहात आपण त्या मुलाचे नाव पुसून टाकतो. इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे, तर जे चामडे सांगते तेवढेच सांगावे. आणि जेथे ते मूक होते तेथे आपणही मौन पाळावे.