जपानमधील ख्रिस्ती धर्मप्रसार

जपानमधील ख्रिस्ती धर्मप्रसार : जपानी लोकांतील मिशनकार्याचा आरंभ १५ ऑगस्ट १५४९ रोजी फ्रान्सिस झेवियर कागोशिमा बंदरात उतरला तेव्हापासून मानतात. त्याचा दुभाषी आन्जिरो हा मूळचा कागोशिमाचाच. १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेऊन तो पाऊलो झाला होता. त्याने ‘देव’ या अर्थी सुचवलेला ‘दाइनिची’ हा शब्द शिंगोन बौद्धांच्या महावैरोचनाचा निघाला, आणि हिंदुस्थानातून आलेला हा बौद्धांचाच एखादा पंथ असावा, असे भिक्षूंना वाटले. चूक लक्षात येताच झेवियरने लॅटिन ‘देउस’ स्वीकारला. विरोधकांनी त्याचे ‘दाइ उसो’, म्हणजे ‘मोठी थाप’, करून टाकले. तरीही झेवियरच्या जेझुइट संघाने माघार घेतली नाही. आत्म्याला ‘आनिमा’, कृपेला ‘गारासा’ असे परके शब्दच त्यांनी रुळवले. त्याच संघाच्या थॉमस स्टीफन्सला मराठी ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) स्वर्गाला वैकुंठ म्हणताना अडचण वाटली नव्हती.

शब्द परके राहिले म्हणून धर्मही परका ठरला व त्यावर बंदी आली, असे कधी कधी म्हटले जाते. ते टिकत नाही. संस्कृत धारणी (मंत्र) अर्थ न कळता म्हणण्याची सवय जपानी बौद्धांना शतकानुशतके होतीच. बंदीमागे होता सत्तेचा संशय : दाइम्यो (सरंजामदार) ओमुरा सुमितादाने १५८० मध्ये नागासाकी जेझुइटांच्या हवाली केले, आणि १५८७ मध्ये राज्यकर्त्या हिदेयोशीचा मिशनऱ्यांच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रूसावर चढवले गेले. त्यांत वसईत जन्मलेला फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया होता. १६१४ मध्ये तोकुगावा शोगुनांनी देशभर बंदी घातली. शिमाबाराच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचा उठाव (१६३७-३८) चिरडला गेला.

उलट, त्या परक्या शब्दांनीच श्रद्धा तगवली असे दिसते. लपून राहिलेल्या ख्रिस्ती लोकांत दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरू नव्हते, ग्रंथ बाळगणे जिवावरचे होते. उरले ते पाठांतर. इकित्सुकी बेटावर म्हटल्या जाणाऱ्या ‘ओराशो’ प्रार्थनांतील ‘गुरुरियोझा’ म्हणजे ‘ओ ग्लोरिओसा दोमिना’ हे लॅटिन स्तोत्र, पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी झिजलेले. भाषांतर केले असते तर हे शब्द भोवतालच्या बौद्ध पूजापाठात मिसळून गेले असते. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे काही गावकरी आले. आपलीही श्रद्धा तीच असल्याचे सांगून त्यांनी तेथील फ्रेंच मिशनरी फादर पतीजाँ यांना ‘सांता मारिया’ची मूर्ती कुठे आहे, असे विचारले. ओळख पटवायला तेवढे पुरले. नुसते उच्चार जपणे म्हणजे श्रद्धा नव्हे, हा आक्षेप इकित्सुकीपुरता विचारात घेण्याजोगा आहे. पण १८६७ नंतर उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांनी हद्दपारी सोसली, त्यांना तो लागू पडत नाही. पतीजाँ यांनीही आपल्या पुस्तकांत जुनेच किरिशितान (बंदीपूर्व जपानी ख्रिस्तींचे) शब्द छापले. बंदीचे जाहीर फलक १८७३ मध्ये उतरवले गेले. काही गुप्त समाज चर्चमध्ये परतले, काही वेगळेच राहिले.

प्रॉटेस्टंट मिशनरी १८५९ पासून आले; संपूर्ण बायबलचे जपानी भाषांतर १८८७ मध्ये पूर्ण झाले. जेझुइटांच्या उलट त्यांनी देवासाठी ‘कामि’ हा देशी शब्द घेतला. जपानमधील ख्रिस्ती लोकसंख्या आज सुमारे एक टक्का आहे.