तोफ नसलेल्या बोटी

समुद्रापासून पाचशे किलोमीटरांहून दूर असलेल्या या नेरात आरमाराचे नाव निघाले की कान्होजी आंग्रे आठवतात, तोफा आठवतात. आम्ही आज बोलणार आहोत ते आरमाराच्या बिनतोफेच्या बोटींविषयी. गोदीत त्यांना टग म्हणतात.

त्यांची गरज काय, हे आधी पाहू. जहाजाचे सुकाणू पाण्याच्या ओघावर काम करते. धक्क्याजवळ येताना वेग मंदावतो, ओघ उरत नाही आणि सुकाणू जवळजवळ निकामी होते. त्यातच उंच बाजूंवर वारा आदळून जहाज सरकू लागते. अशा वेळी टगाने दोर बांधून ओढायचे, नाहीतर नाक टेकवून ढकलायचे. एवढीशी बोट हजारो टनांचे धूड हलवते कशी? संथ गतीच्या जहाजाला पाणी फारसे अडवत नाही. वेग वाढला की अडवते. म्हणून टगाचे सगळे काम सावकाशीचे. घाई केली की दोर तुटतो, आणि तुटलेला दोर माणसाचा पाय घेऊन जातो.

लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले ते १७३६ साली. १७५० मध्ये मुंबईची सुकी गोदी झाली. १८१७ साली तिथेच बांधलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला अजून जतन केलेली आहे. त्या शिडांच्या काळात वारा पडला तर होडीतून नांगर पुढे नेऊन टाकायचा आणि जहाजावरच्या उभ्या चक्राच्या दांड्यांना छाती लावून माणसांनी दोर गुंडाळत जहाज नांगरापर्यंत आणायचे. पुढे वाफेने हे ओझे छातीवरून उतरवले. वाफेचे एवढे उपकार मानावेच लागतील.

आजच्या नौदलाचे टग ताकदीवरून ओळखले जातात. किनाऱ्यावरच्या खुंट्याला दोर बांधून यंत्र पूर्ण जोराने चालवायचे आणि दोरावरचा ताण मोजायचा. तो पंचवीस टन भरला की टग पंचवीस टनी. भरुचच्या शॉफ्ट शिपयार्डने बांधलेला असा एक टग, ‘महाबली’, २०२३ च्या ऑक्टोबरात कोचीत नौदलात दाखल झाला. धक्क्याला लागलेल्या जहाजाला आग लागली तर ती विझवायलाही हे टग धावतात.

पण नावे बोटींची राहतात. नौदल गोदीच्या अशा बोटींवर मुलकी नोकर काम करीत आले आहेत. सारंग, तांडेल, लस्कर, फायरमन, टोपस अशी त्यांची पदे. ‘सारंग’ हा शब्द फारसीतल्या ‘सरहंग’वरून आला, लष्करी हुद्दा गोदीत उतरता उतरता मजुराच्या पगारावर येऊन बसला! आरमाराच्या इतिहासात कप्तानांची चरित्रे आहेत, सारंगाचे प्रकरण आम्हांला कुठे आढळले नाही. वाऱ्याची दिशा, भरतीची वेळ, दोराचा ताण हे तो हाताने ओळखतो. ही विद्या कोणत्या तराजूत तोलली गेली?

१९७१ च्या युद्धात गाजलेली जुनी ‘विक्रांत’ १९९७ च्या ३१ जानेवारीस निवृत्त झाली. पुढे मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ च्या मे महिन्यात ती नौदल गोदीतून दारूखान्याकडे मोडीला निघाली, तेव्हा तिला स्वतःचे यंत्र उरले नव्हते. ती टगांच्या दोरांवर गेली.