यशवंतपूर परिसरातील शाळा आणि आपली मुले : एक ऐतिहासिक मागोवा

परमुलखात नवे बिऱ्हाड मांडणारा मराठी गृहस्थ पहिल्या आठवड्यात दोन गोष्टींची चौकशी करतो. नळाला पाणी केव्हा येते, ही पहिली. आणि मुलांना कोणत्या शाळेत घालावे, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शेजारी एका वाक्यात देतो. दुसऱ्याचे उत्तर जितके शेजारी तितके निराळे मिळते, आणि प्रत्येक जण आपल्याच मुलाच्या शाळेची शिफारस करतो. केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीत आम्ही हा अनुभव एकाहून अधिक गावी घेतला आहे. निकालाची टक्केवारी, फी, बसची सोय एवढ्यावर तुलना करून हा प्रश्न सुटत नाही, असे आमचे मत आहे. एखादी शाळा कोणी, कोणासाठी व कोणाच्या पैशावर काढली, हे पाहिले म्हणजे ती आपल्या मुलाला काय देईल आणि काय देणार नाही याचा पुष्कळसा उलगडा होतो. म्हणून हा थोडा मागोवा.

यशवंतपूर हे आज बंगळूर शहराच्या पोटात आहे; एके काळी ते वेशीबाहेरचे स्थानक होते. येथून तुमकुर, हरिहर, हुबळीमार्गे मिरज-पुण्याकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या कंपनीच्या हाती होता, तिचे नावच 'सदर्न मराठा रेल्वे' असे होते. मराठी माणसाची या बाजूची वाट अशी रुळांनी आखलेली होती म्हणावयास हरकत नाही. पुढे जमशेटजी टाटांच्या संकल्पातून व म्हैसूर दरबारने दिलेल्या ३७१ एकर जमिनीवर भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. संस्थेची स्थापना १९०९ ची, आणि विद्यार्थी आले १९११ मध्ये. स्वातंत्र्यानंतर जालहळ्ळीस १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्स आणि १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स हे कारखाने निघाले. हवाई दलाचा तळही तेथेच. ज्या वस्तीत अभियंते, शास्त्रज्ञ, रेल्वेचे व सैन्यातील नोकर देशाच्या सर्व भागांतून येतात, त्या वस्तीतील शाळेचा प्रश्न गावातील शाळेच्या प्रश्नाहून वेगळा होणारच.

बंगळूर हे दीर्घकाळ एक नव्हे तर दोन शहरे होती. एक पेठ, कन्नड भाषेची व म्हैसूर दरबारच्या अमलाखालची. दुसरी छावणी, इंग्रजांच्या प्रत्यक्ष ताब्यातली, जी १९४७ सालीच म्हैसूरकडे परत आली. छावणीतील गोऱ्या व अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या मुलांसाठी सेंट जोसेफ (१८५८), बिशप कॉटन (१८६५), बाल्डविन (१८८०) अशा शाळा निघाल्या. आजच्या 'कॉन्व्हेंट' या शब्दातील दरारा मुळात या छावणीचा आहे. पेठेकडे व खेडोपाडी निराळा प्रवाह होता. लुइस राइस यांच्या योजनेनुसार १८६८ पासून म्हैसूर राज्यात होबळी शाळा निघू लागल्या. होबळी म्हणजे काही गावांचा गट. त्या गटाला एक शाळा आणि तीत शिक्षण लोकभाषेतून. बसवनगुडीचे नॅशनल हायस्कूल १९१७ साली ॲनी बेझंट यांच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून निघाले. यशवंतपूरला लागून असलेल्या मल्लेश्वरमची म्हैसूर एज्युकेशन सोसायटी १९५६ ची.

आता ज्या प्रकारच्या शाळेविषयी आमच्या पिढीतील पालकांना अलीकडे वारंवार विचारले जाते, तिच्याकडे वळू. ज्यांची मुले अमेरिकेत संसार मांडून आहेत, त्यांना दूरध्वनीवर 'चार्टर शाळा' हा शब्द ऐकू येतो. नातवाला सरकारी शाळेत घालावे की चार्टर शाळेत, असा तिकडचा खल असतो. ही शाळा म्हणजे काय? पैसा सरकारचा, कारभार खासगी मंडळाचा, फी नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त झाले तर सोडत. आणि ठरावीक वर्षांच्या करारात कबूल केलेले काम झाले नाही तर करार रद्द होऊन शाळा बंद. याचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ साली केला आणि पहिली शाळा १९९२ साली सेंट पॉल शहरात उघडली.

मराठी वाचकाला यात अपरिचित असे फारसे काही नाही. सरकारचा पैसा व खासगी मंडळाचा कारभार ही जोडी आपल्याकडे १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने आणली. स्थानिक व्यवस्थापक मंडळ असावे, चांगले लौकिक शिक्षण द्यावे, सरकारी तपासणी मान्य करावी आणि थोडी का होईना फी घ्यावी, अशा अटी पाळणाऱ्या शाळेस सहायक अनुदान. चार्टर शाळेत फीला मज्जाव आहे, तर खलित्यात फी हीच अट होती. फुकटच्या शिक्षणाची किंमत राहत नाही, अशी त्या काळच्या राज्यकर्त्यांची समजूत! मुंबई इलाख्यात तर पुढे मुले परीक्षेत किती उत्तीर्ण झाली यावर अनुदान मोजण्याची पद्धत आली. निकाल पाहून पैसा देण्याचा विचार अमेरिकेला नवा वाटला असेल. आपल्या आजे-पणज्यांच्या शिक्षकांनी त्याचा जाच भोगला आहे.

या व्यवस्थेचे फळ महाराष्ट्राला दोन्ही प्रकारचे मिळाले. १८८० साली चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, आगरकर त्यांना येऊन मिळाले, आणि १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. खासगी प्रयत्न व सार्वजनिक हेतू यांचा एवढा सुंदर मिलाफ त्या काळी विरळाच. परंतु त्याच सुमारास, १८८२ साली, हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी दुसरी बाजू मांडली होती. सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो आहे, आणि ज्यांच्या कष्टातून तो महसूल येतो त्यांच्या प्राथमिक शिक्षणाची हेळसांड होते आहे. निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी. 'चांगली शाळा' निवडण्याची मुभा ज्याला आहे त्याच्यापुरतीच शाळांची तुलना चालते, हा त्या निवेदनाचा मथितार्थ आजही कोणत्याही पालकसभेत आठवावा असा आहे. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा संसदेने केला तो २००९ साली.

तिसरा प्रवाह आमच्या नोकरवर्गाचा. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून नोव्हेंबर १९६२ मध्ये केंद्रीय विद्यालयांची योजना मंजूर झाली. आरंभी सैन्याच्या वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेण्यात आल्या, आणि १५ डिसेंबर १९६५ रोजी केंद्रीय विद्यालय संघटनेची नोंदणी झाली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची १९६२ साली पुनर्रचना झाली, तिचाही एक हेतू बदलीच्या नोकरांची मुले हाच होता. म्हणजे ही शाळा एका विशिष्ट अडचणीवरचा तोडगा आहे : बाप जोरहाटहून जालहळ्ळीस आला तरी मुलाचे पाठ्यपुस्तक बदलू नये. प्रवेशाच्या क्रमात बदलीपात्र केंद्रीय नोकराला अग्रक्रम आणि गेल्या सात वर्षांत किती बदल्या झाल्या याची मोजणी, हे नियम त्याच हेतूतून आले. आपल्या परिसरात विज्ञान संस्थेच्या आवारात, मल्लेश्वरमला, हेब्बाळला व जालहळ्ळीस अशी विद्यालये आहेत. ज्याची बदली ठरलेली, त्याने दुसरीकडे पाहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ज्याने यशवंतपुरात घर घेतले व जो येथेच राहणार, त्याने ही शाळा आपल्यासाठी निघालेली नाही, हे ध्यानात ठेवावे.

कारण येथे कायम राहणाऱ्याला कन्नड टाळून चालणार नाही, आणि टाळूही नये. १९८० साली कर्नाटक सरकारने विनायक कृष्ण गोकाक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. प्रश्न माध्यमिक शाळेत प्रथम भाषा कोणती, संस्कृतला ते स्थान राहावे काय, एवढाच होता. १९८१ च्या अहवालाने कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी असे सांगितले, आणि १९८२ साली डॉ. राजकुमार यांच्या नेतृत्वाखाली त्यासाठी मोठे आंदोलन झाले. हे गोकाक फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे प्राचार्य होते, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक नसते. त्यानंतर हा वाद तीन दशके न्यायालयात फिरत राहिला. प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम सरकारला सक्तीचे करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी दिला. राज्याने २०१५ साली कन्नड भाषा अध्ययनाचा कायदा केला आणि २०१७ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने खासगी शाळांतही, मग त्या कोणत्याही मंडळाच्या असोत, कन्नड शिकविणे आले.

शाळा निवडणारा पालक मराठीचा विचार सहसा करीत नाही. मराठी घरी होईल, असे तो म्हणतो. पण प्रत्येक शाळा घरच्या मराठीचा निराळा लचका तोडते. केंद्रीय विद्यालयातील मूल हिंदी व संस्कृत शिकते, म्हणून देवनागरी त्याच्या हातात पक्की बसते. मराठी पुस्तक ते उघडून वाचू शकते. मात्र 'शाळा' त्याच्या तोंडी 'शाला' होते, 'फळा'चा 'फला' होतो. हिंदीत 'पुस्तक' स्त्रीलिंगी, म्हणून 'माझी पुस्तक हरवली' असे ते आजीला सांगते. राज्य मंडळाच्या शाळेतील मुलाची गत याच्या नेमकी उलट. कन्नडमध्ये ळकार भरपूर, त्यामुळे त्याचा 'ळ' सांगली-कोल्हापूरच्या मुलाइतका खणखणीत. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द कन्नडशी नाते सांगणारे, तेव्हा त्याला घरातली भाषा परकी वाटत नाही. पण कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, म्हणून 'वही हरवलं' हे त्याचे मराठी. आणि देवनागरी त्याला भेटते ती बहुधा सहावीत, तिसरी भाषा म्हणून हिंदी आल्यावर. तोवर वाचनाची गोडी लागण्याचे वय निघून गेलेले असते. इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेत दोन्हीची थोडी थोडी तूट असते. फी मात्र तेथेच सर्वांत अधिक, हे जाता जाता सांगितलेच पाहिजे!

लिपी गेल्याने काय होते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. शहाजीराजांकडे १६३८ नंतर बंगळूर जहागिरीत आले. जयराम पिंड्ये यांनी 'राधामाधवविलासचंपू'त राजांच्या ज्या दरबाराचे वर्णन केले आहे, त्यात अनेक भाषांचे कवी एकत्र बसत. राजांचे पुत्र एकोजी तंजावरास गेले, आणि १६८७ साली बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांनी मोगलांकडून तीन लाख रुपयांना घेतले. तंजावरचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. बृहदीश्वराच्या मंदिरातील १८०३ चा प्रचंड मराठी शिलालेख सरफोजीराजांनी कोरविला. त्या राज्याबरोबर गेलेल्या कुटुंबांचे वंशज बंगळुरातही आहेत. घरात ते आजही आपली दक्षिणी मराठी बोलतात. ज्या निष्ठेने त्यांनी ती जपली, तिच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु त्यांतील पुष्कळांनी मराठी लिहिण्यासाठी तमिळ लिपी वापरली, आणि पूर्वजांचा शिलालेख व सरस्वती महालातील मोडीची बाडे वाचून घेण्यासाठी त्यांना पंडित गाठावा लागतो. बोली तीनशे वर्षे राहिली. ग्रंथ मात्र हातचा गेला.

यात आता एक व्यावहारिक बाबही आली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. उद्या बदली पुण्यास किंवा नागपुरास झाली, तर 'मराठी घरी होईल' म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाला मराठीच्या तासाला परकेपणाने बसावे लागेल. वस्तुतः कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षेत प्रथम भाषांच्या यादीत मराठी आहे, केंद्रीय मंडळाच्या विषयांतही ती आहे. अडते ते शिकविणाऱ्यापाशी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळा आहेत, कारण तेथे मुलांची संख्या आहे. आपण येथे विखुरलेले. सेंट पॉल शहरात लाओसमधून आलेल्या ह्मोंग निर्वासितांनी चार्टर कायद्याचा आधार घेऊन आपली भाषा शिकविणाऱ्या शाळा उभारल्या, त्याही एका शहरात दाटीने राहत होते म्हणूनच. अमेरिकेतील आपल्या मंडळींना ते जमले नाही, तेव्हा त्यांनी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली सुटीच्या दिवशीच्या मराठी शाळा चालविल्या.

आपल्या मंडळाने रविवारचा तास पुन्हा बसवावा, अशी सूचना येथे करून ठेवतो. मात्र सर्व मुलांना एका सतरंजीवर बसवून 'अ अननसाचा' गिरविण्यात अर्थ नाही. केंद्रीय विद्यालयातील मुलांना बाराखडी येतेच. त्यांना मोठ्याने वाचावयास लावावे, ळकार व लिंग सुधारावे, गोष्टीची पुस्तके घरी द्यावीत. राज्य मंडळाच्या व इंग्रजी शाळांतील मुलांचा गट निराळा करून त्यांच्याकडून प्रथम लिपी करून घ्यावी, तीही सहावीची वाट न पाहता, दुसरी-तिसरीतच. बालभारतीची पुस्तके संगणकावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. दोन गटांना दोन खोल्या व दोन शिक्षक लागतील. निवृत्त सभासदांची यादी चिटणीसांकडे आहेच.