परवलीचा शब्द

आमच्या बँकेत दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. बायको म्हणते, वीस वर्षांत या माणसाने नियमाने बदललेली ही एकच गोष्ट.

बदलायचा राहिला, की यंत्र आपल्याला ओळख देत नाही. मग मुख्य कचेरीच्या संगणक विभागाला फोन करायचा. पलीकडचा मुलगा विचारतो, "पण तुम्ही तुम्हीच कशावरून?" हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पेपरात ठीक आहे हो, मी साधा बी.कॉम. माणूस! कर्मचारी क्रमांक आणि जन्मतारीख सांगितली, की तो तात्पुरता पासवर्ड सांगतो. लाइनवर खरखर असते म्हणून मी एकेक अक्षर मोठ्याने घोकतो, "बी बारामतीचा, मोठ्या लिपीतला!" एकदा शेवटचा आकडा लिहून घ्यायचा राहिला, तर पेन्शनच्या रांगेतले आजोबा म्हणाले, "अहो, सात म्हणालात तुम्ही."

त्या दिवशी ठरवले, या शब्दाचे मूळ शोधायचे.

मला ठाऊक असलेला पहिला बळी म्हणजे अलिबाबाचा भाऊ कासीम. गुहेत शिरला, आणि बाहेर पडताना नेमके तिळाचे नाव विसरला. बाकी सगळी धान्ये घेऊन पाहिली, दार हलेना. बिचाऱ्याला संगणक विभागाचा फोन नंबर असता तर वाचला असता. शिवाय चाळीस चोरांत मिळून पासवर्ड एकच. म्हणजे कारभार थेट आमच्या शाखेसारखा.

संगणकाच्या जगात हा शब्द आणला तो अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायची 'सीटीएसएस' नावाची व्यवस्था त्यांनी १९६१ साली करून दाखवली. यंत्र सामाईक, फायली ज्याच्या त्याच्या. तेव्हा प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला. भाड्याच्या वाड्यात नळ एक असला तरी कुलपे निराळी असतात, तसेच.

कुलूप आले की किल्लीचोर येतोच. १९६२ साली तिथल्याच ॲलन शेर नावाच्या संशोधकाला वाटणीला आलेला यंत्राचा वेळ पुरेना. त्याने काही फोडले नाही. पासवर्डची फाइल छापून द्यावी अशी विनंती पंच केलेल्या कार्डावर नोंदवली, आणि यंत्राने मुकाट्याने छापून दिली! कागद रीतसर भरलेला असला की आत काय लिहिले आहे ते कोणी पाहत नाही, हे मी तरी बँकेत चिकटल्यावर शिकलो.

पुढे तिथेच आणखी एक गंमत झाली. दोन फायलींची अदलाबदल झाली आणि काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाच्या टंकयंत्रावर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड उमटू लागले. वार शुक्रवार, वेळ संध्याकाळी पाचची. तिथल्या व्यवस्थापकाला घरी जायचे सोडून कित्येक तास लोकांचे पासवर्ड बदलत बसावे लागले. शुक्रवारी पाचला काय काय होऊ शकते, हे कारकुनाला वेगळे सांगायला नको.

तोवर यंत्र एक होते. पुढे टेबलाटेबलावर यंत्रे आली, तारांनी जोडली गेली, आणि एक पासवर्ड बदलायचा तर दहा यंत्रांपुढे जाऊन बसायची पाळी आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सन कंपनीने यावर तोड काढली. पासवर्डची वही एका मुख्य यंत्रात ठेवायची. आपण आपल्या टेबलावरून जुना आणि नवा शब्द कळवायचा. मुख्य यंत्राने जुना ताडून वही दुरुस्त करायची आणि नकला सगळीकडे धाडायच्या. तिचे नाव 'यलो पेजेस'. ते नाव ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचे निघाले म्हणून बदलून 'एनआयएस' केले; पण आज्ञांच्या पुढची 'वायपी' अक्षरे तशीच राहिली. रस्त्याला नवे नाव दिले तरी रिक्षावाला जुनेच सांगतो, त्यातला प्रकार.

गोम पुढेच आहे. या व्यवस्थेत नवा शब्द बुरखा घालून जायचा आणि जुना मात्र उघड्या तोंडाने. वाटेत कान लावून बसलेल्याला तो सहज ऐकू जाई. म्हणजे माझा फोन आणि ते पेन्शनवाले आजोबा! १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असेच कोणी तारेवरचे पासवर्ड टिपले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी सगळे संभाषणच सांकेतिक करणारी 'एसएसएच' पद्धत लिहिली. त्याआधीच एमआयटीत 'कर्बेरोस' तयार झाले होते. नाव ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या राखणदार कुत्र्याचे. त्याची युक्ती अशी, की पासवर्ड तारेवरून जातच नाही. पलीकडून कुलूपबंद डबा येतो. आपल्या शब्दापासून घडवलेल्या किल्लीने तो उघडला, तर आपण खरे. शब्द बदलायचा झाला तरी नवा शब्द असाच डब्यात बंद होऊन जातो.

इतक्या बुद्धिमान माणसांनी तारेवरची गळती बुजवली. काउंटरवरची कोणी बुजवायची?

आईचे मिरजेला ऑपरेशन होते. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात आणि शाखेत तोबा गर्दी. शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमचा फोन आला, "काम अडलंय हो." मी पासवर्ड सांगून टाकला. आता, बँकेचा नियम असा की एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून पास करायची. साहेब मीटिंगला गेलेले, त्यांचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली. म्हणजे कागदोपत्री नोंद करणारा मी, तपासणारे साहेब, आणि दोन्ही खुर्च्यांवर एकट्या मॅडम. खाते नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटे पडले आणि चाळीस हजार रुपये भलत्याच्याच खात्यात गेले.

पैसे आठ दिवसांत परत आले. मेमो त्याच्या आधी आला. यंत्राच्या मते तीन वाजून बारा मिनिटांनी मी काउंटरवर होतो. त्या वेळी मी आईची स्ट्रेचर ढकलत होतो, हे यंत्राला कुठे ठाऊक? मॅडमची बढतीची परीक्षा महिन्यावर होती. मी लिहून दिले, 'सदर नोंद माझ्या पासवर्डने झाली आहे.' वाक्यात एक अक्षर खोटे नव्हते. माझी वेतनवाढ सहा महिने पुढे गेली. पण रात्री झोप उडाली ती वेगळ्याच विचाराने. ते पैसे एखाद्या पेन्शनरचे असते आणि परत आलेच नसते, तर?

महिन्याच्या महिन्याला पासवर्ड बदलून यातले काय टळले असते? बिल बर नावाच्या गृहस्थांनी २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी सल्ला लिहिला होता, की शब्दात आकडे आणि चिन्हे मिसळा आणि तो ठरावीक काळाने बदला. लोक काय करतात? शेवटच्या एकाचा दोन करतात. २०१७ साली संस्थेने तो सल्ला मागे घेतला. शब्द फुटल्याची शंका आली तरच बदलायला लावा, असे सांगितले. बरसाहेबांनीही पश्चात्ताप बोलून दाखवला. आमच्या बँकेत मात्र हे परिपत्रक अजून पोचायचे आहे.

परवा माझे तीस दिवस पुन्हा उलटून गेले. मॅडम आता पास करणाऱ्या खुर्चीत बसतात. त्यांनी स्वतः फोन लावून माझ्या हातात दिला, रांगेतल्या आजोबांना म्हणाल्या, "चला आजोबा, बाहेर चहा घेऊ," आणि जाताना दार लोटून घेतले.