कंपन्यांची शाश्वतताविषयक माहिती : भारतातील प्रकटन आणि उपयोग

कंपनीच्या कामकाजाचा निसर्गावर, तिच्यासाठी राबणाऱ्या माणसांवर आणि भोवतालच्या समाजावर होणारा परिणाम, तसेच हवामानबदल, पाणीटंचाई किंवा बदलते कायदे यांमुळे खुद्द कंपनीच्या कमाईला असलेला धोका, या दोन्ही बाजू मोजून दाखवणाऱ्या आकड्यांना व विधानांना शाश्वतताविषयक माहिती असे म्हणतात. पर्यावरण, समाज आणि कारभार यांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेली ‘ईएसजी’ ही संज्ञा २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालामुळे वित्तक्षेत्रात रूढ झाली. ताळेबंदातून कंपनीची आजची मालमत्ता आणि देणी कळतात; पुढे देणे ठरू शकेल पण अजून हिशेबात उतरलेले नाही, असे ओझे या माहितीतून दिसू लागते आणि म्हणूनच गुंतवणूकदाराला तिची गरज भासते.

भारतातील प्रकटनाची सुरुवात २०११ मध्ये केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने काढलेल्या ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वांपासून झाली. पुढच्याच वर्षी भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘सेबी’ने, बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी अहवाल सक्तीचा केला आणि नंतर हे बंधन टप्प्याटप्प्याने ५०० व १,००० कंपन्यांपर्यंत नेले. या अहवालात ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे देऊन सुटका होत असे, ही त्याची मोठी उणीव होती. २०१९ मध्ये सुधारलेल्या नऊ तत्त्वांच्या आधारे मे २०२१ मध्ये सेबीने त्याच्या जागी ‘व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल’ आणला. ‘बीआरएसआर’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा अहवाल २०२१–२२ मध्ये ऐच्छिक होता आणि २०२२–२३ या आर्थिक वर्षापासून पहिल्या १,००० कंपन्यांना बंधनकारक झाला. जगात या चळवळीची मुळे १९८९ मधील ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजाच्या तेलगळतीनंतरच्या अमेरिकेत सापडतात. तिच्यातूनच पुढे १९९७ मध्ये बॉस्टन येथे ‘ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह’ ही मानके ठरवणारी संस्था उभी राहिली. लेखामानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने गुंतवणूकदारांसाठीची स्वतंत्र शाश्वतता-मानके जून २०२३ मध्ये प्रसिद्ध केली.

अहवालातील आकड्यांमध्ये हरितगृह वायूंचे उत्सर्जन सर्वाधिक वापरले जाते, आणि ते कसे मोजतात हे समजल्याशिवाय बाकीची चर्चा पोकळ ठरते. कंपनीच्या स्वतःच्या भट्ट्या, बॉयलर व वाहने यांतून होणारे उत्सर्जन पहिल्या कक्षेत, विकत घेतलेल्या विजेमुळे वीजकेंद्रात होणारे दुसऱ्या कक्षेत, आणि कच्चा माल, वाहतूक, विकलेल्या वस्तूंचा वापर अशा पुढच्या-मागच्या साखळीतील उत्सर्जन तिसऱ्या कक्षेत मोजले जाते. दुसऱ्या कक्षेचा हिशेब तुलनेने सोपा असतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या माहितीनुसार भारतीय ग्रिडमधील एका युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायॉक्साइड हवेत जातो; त्यामुळे वर्षाला एक कोटी युनिट वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या नावावर त्या कक्षेत सुमारे ७,००० टन उत्सर्जन लागते. वाहन बनवणाऱ्या कंपनीचा खरा भार मात्र तिने विकलेली गाडी रस्त्यावर जे इंधन जाळते त्यात, म्हणजे तिसऱ्या कक्षेत असतो, आणि भारतीय अहवालात नेमकी हीच कक्षा ऐच्छिक निर्देशकांमध्ये ठेवलेली आहे.

एकूण उत्सर्जनावरून लहान व मोठ्या कंपन्यांची तुलना करता येत नाही, म्हणून तीव्रता काढली जाते, म्हणजे उत्सर्जनाला उलाढालीने किंवा उत्पादनाच्या वजनाने भागले जाते. येथे भाजक कोणता यावर बरेच अवलंबून असते. पोलादाचे भाव चढले की उलाढाल फुगते आणि भट्टीत काहीही न बदलता उलाढालीवर आधारलेली तीव्रता खाली येते. म्हणून टनामागील तीव्रता हेच अधिक विश्वासार्ह माप मानले पाहिजे. रुपयातील उलाढाल डॉलरमध्ये बदलली की भारतीय कंपन्या परदेशी कंपन्यांच्या तुलनेत विनाकारण अधिक प्रदूषक दिसतात, ही अडचण ओळखून सेबीने क्रयशक्तीच्या समानतेनुसार सुधारलेला आकडाही मागितला आहे, आणि हा निर्णय योग्यच होता. अहवाल एकट्या कंपनीचा आहे की उपकंपन्यांसह एकत्रित आहे, हे निवडण्याची मुभा कंपनीला असते. वीजनिर्मिती वेगळ्या उपकंपनीकडे असेल तर या एका निवडीने चित्र पालटू शकते. ही निवड अहवालाच्या पहिल्या भागात नोंदवावी लागते, पण तुलनात्मक तक्त्यांत ती क्वचितच पोहोचते.

जुलै २०२३ मध्ये सेबीने या विस्तृत अहवालातून नऊ बाबींचा गाभा वेगळा काढून त्याची त्रयस्थाकडून पडताळणी सक्तीची केली : २०२३–२४ साठी पहिल्या १५० कंपन्या, नंतर दरवर्षी अनुक्रमे २५०, ५०० आणि २०२६–२७ मध्ये १,००० असा तिचा क्रम आहे. उत्सर्जन, पाणी, ऊर्जा, कचऱ्याचा पुनर्वापर आणि कामगारांची सुरक्षितता या बाबी जगात इतरत्रही मोजल्या जातात. भारतीय गाभ्याचे वेगळेपण उरलेल्या भागात आहे. एकूण वेतनापैकी स्त्रियांच्या हाती किती पडते, लहान गावांतील रोजगारावर वेतनाचा किती वाटा खर्च होतो, सूक्ष्म व लघु उद्योगांकडून किती खरेदी होते आणि पुरवठादारांचे पैसे सरासरी किती दिवसांनी चुकते होतात, हे प्रश्न येथील अर्थव्यवस्थेच्या दुखण्यांवर बोट ठेवणारे आहेत. लघुउद्योगांचे देणे ४५ दिवसांच्या आत द्यावे असा कायदा असूनही उशिराची बिले हे त्या क्षेत्राचे जुने दुखणे आहे, आणि मोठ्या कंपनीच्या संचालक मंडळाला तो आकडा सही करून छापावा लागणे ही साधी गोष्ट नव्हे. अपघातांचा दरही दहा लाख मनुष्यतासांमागे द्यावा लागतो आणि त्यात कंत्राटी कामगार धरावे लागतात.

गुंतवणूकदार ही माहिती मुख्यतः तीन प्रकारे वापरतात : काही कंपन्या पूर्णपणे वगळणे, मूल्यमापनाच्या हिशेबात जोखीम म्हणून ती धरणे, आणि भागधारक या नात्याने व्यवस्थापनाशी चर्चा व मतदान करणे. भारतात तिसऱ्या मार्गाला सेबीच्या २०१९ मधील संहितेने बळ दिले, कारण म्युच्युअल फंडांनी आपण कोठे कसे मत दिले आणि कंपनीशी काय बोललो हे जाहीर करावे, असे तिने ठरवले. ‘ईएसजी’ नावाने चालणाऱ्या योजनांना किमान ८० टक्के मालमत्ता जाहीर केलेल्या धोरणानुसारच गुंतवावी लागते. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून किमान ६५ टक्के मालमत्ता गाभ्याची पडताळणी झालेल्या कंपन्यांमध्ये असावी लागते. अहवालातील आकडा आणि सामान्य बचतदाराचा पैसा यांचा थेट संबंध जोडणारा हा नियम आहे.

पण कंपनीने स्वतः दिलेली माहिती पुरेशी नसते. नॉर्वेच्या सरकारी निवृत्तिवेतन निधीने २००७ मध्ये, तेव्हा लंडनच्या बाजारात नोंदलेल्या वेदान्त रिसोर्सेस या कंपनीला भारतातील पर्यावरणहानी व मानवी हक्कांच्या कारणावरून आपल्या गुंतवणुकीतून वगळले. हा निर्णय निधीच्या नीतिमंडळाने स्वतंत्रपणे केलेल्या छाननीवर आधारलेला होता. मूल्यांकन संस्थांवर विसंबणेही धोक्याचे असते. बर्ग, कोल्बेल आणि रिगोबोन यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा मानांकन संस्थांच्या गुणांमधील सरासरी सहसंबंध केवळ ०.५४ आढळला, आणि मतभेदाचा सर्वांत मोठा भाग एकच गोष्ट वेगवेगळ्या पद्धतीने मोजण्यातून आलेला होता. भारतात २०२३ पासून अशा संस्थांना सेबीकडे नोंदणी करावी लागते.

कंपन्यांना हीच माहिती आतल्या निर्णयांसाठी उपयोगी पडते. महिंद्रा अँड महिंद्राने २०१६ मध्ये कार्बनच्या दर टनाला १० डॉलर अशी अंतर्गत किंमत ठरवली. अशा किमतीमुळे नव्या यंत्राचा प्रस्ताव तपासताना उत्सर्जनाचा खर्चही हिशेबात येतो आणि ऊर्जा वाचवणारे महागडे यंत्र परवडणारे ठरू शकते. अल्ट्राटेक सिमेंटने फेब्रुवारी २०२१ मध्ये ४० कोटी डॉलरचे शाश्वततेशी जोडलेले रोखे विकले. त्यात २०१७ च्या तुलनेत २०३० पर्यंत टनामागील थेट उत्सर्जन २२.२ टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य होते, आणि ते चुकल्यास कंपनीला अधिक व्याज मोजावे लागेल अशी अट होती. येथे चुकीच्या मोजमापाची किंमत प्रतिष्ठेपुरती राहत नाही, ती व्याजात द्यावी लागते. निर्यातदारांवरचा दबाव आणखी थेट आहे. युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन आकारणीसाठी पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालाच्या उत्सर्जनाची माहिती ऑक्टोबर २०२३ पासून मागितली जाऊ लागली आणि जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. जेथे प्रत्यक्ष मोजमाप नसते तेथे गृहीत मूल्ये लावली जातात आणि ती चांगल्या उत्पादकाला सहसा महाग पडतात.

या सगळ्या व्यवस्थेची कमकुवत कडी पुरवठासाखळीत आहे. खरेदी किंवा विक्रीत मिळून ७५ टक्के वाटा असलेल्या प्रमुख भागीदारांची माहिती मोठ्या २५० कंपन्यांनी द्यावी, असे ठरले होते. उद्योगांच्या हरकतींनंतर २०२५ मध्ये ते ऐच्छिक करण्यात आले आणि गाभ्याच्या बाबतीतही ‘पडताळणी किंवा मूल्यमापन’ असा पर्याय देण्यात आला. कोल्हापूरच्या ओतशाळा किंवा चाकणचे सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने यांच्यापुढची अडचण खोटी नाही : प्रत्येक ग्राहक-कंपनी आपली वेगळी प्रश्नावली पाठवते, आणि कोक, वीज व डिझेलच्या नोंदी एकाच प्रकारे ठेवण्यासाठी वेगळा माणूस नेमणे त्यांना परवडत नाही. तरीही त्यावर सूट हा उपाय नव्हे. सर्व ग्राहकांनी मान्य केलेला एकच लहान तक्ता आणि तो भरण्याच्या खर्चात मोठ्या कंपनीचा वाटा, असा उपाय झाला असता तर ओतशाळेलाही आपल्या कोकचा अपव्यय कोठे होतो हे कळले असते. ‘पडताळणी’ऐवजी ‘मूल्यमापन’ हा पर्याय तर गुंतवणूकदाराच्या दृष्टीने माघारच आहे.

सूचीबद्ध कंपन्यांचे हे अहवाल वार्षिक अहवालाचा भाग असून मुंबई शेअर बाजार व राष्ट्रीय शेअर बाजार यांच्या संकेतस्थळांवर, संगणकाला थेट वाचता येईल अशा स्वरूपासह, कोणालाही विनामूल्य मिळतात. ते वाचताना आकड्यापूर्वी अहवालाची हद्द, तीव्रतेचा भाजक आणि सोबत जोडलेले पडताळणीचे पत्र या तीन गोष्टी पाहाव्यात.