कमानीशी कुस्ती

मोटार ही आत बसण्यासाठी असते, खाली निजण्यासाठी नव्हे, असं आमच्या हिचं ठाम मत आहे. तरीही ऐन तारुण्यात मी एकदा आमच्या स्टँडर्ड हेरल्डखाली निजलो होतो. परवा कॉव्हेंट्रीला भाच्याकडे गेलो, तेव्हा त्याच्या ट्रायम्फ स्पिटफायरशेजारी मात्र खुर्ची टाकून बसलो. मधल्या काळात अक्कल आली, एवढंच.

या दोन गाड्या चुलतबहिणी. माहेर एकच, कॉव्हेंट्री. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतला आणि कंपनीची पंचाईत झाली. घरमालकानं घर विकल्यावर भाडेकरूनं करावं तेच तिनं केलं. तंबू ठोकला! वेगळी चासी करायची आणि तिच्यावर सुटे पत्रे बोल्टांनी जोडायचे. इटलीच्या मिकेलोत्तीनं रूप दिलं आणि 1959 साली हेरल्ड अवतरली. 1961 पासून ती मद्रासलाही बनू लागली. 1962 साली तिच्याच हाडांवर दोन माणसांची स्पिटफायर उभी राहिली. नाव लढाऊ विमानाचं, पाय हेरल्डचे.

आणि गोम होती ती या मागच्या पायांतच. डिफरन्शियलच्या डोक्यावर एकच आडवी कमान. तीच घोडागाडीची कमान, जिच्या एका प्रकाराचं पेटंट ओबादाया इलियटनं लंडनला 1804 साली घेतलं. कमानीच्या दोन टोकांना दोन चाकं. काम स्वस्तात झालं. पण प्रत्येक अर्धा ॲक्सल फक्त आतल्या टोकाशी वाकायचा. जोरात वळताना अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागची बाजू वर यायची आणि बाहेरचं चाक पोटाखाली दुमडायचं. पंगतीत मांडी घालून बसणं शोभतं, वळणावर नाही.

अमेरिकेत अशाच धाटणीच्या कॉर्व्हेरवर राल्फ नेडरनं 1965 साली आपल्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण लिहिलं. स्पिटफायरचे पाय सुधारायला मात्र 1970 उजाडलं. कमानीचे बहुतेक पाटे मधोमध झुलते ठेवले आणि चाकं ताळ्यावर आली. आपल्याकडे त्याहून सोपा उपाय झाला. 1972 च्या गझेलला सरळ एकसंध ॲक्सलच बसवला. मेकॅनिक मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आमची हेरल्ड जुनी. तिची कमान बसली, तेव्हा ती घरीच काढायची असा मी पण केला. वाड्याचा बोळ, उधारीचा जॅक आणि त्याखाली दोन विटा. चाक काढलं आणि खाली सरकणार तोच हिची हाक आली.

"अहो, ते चाक नुसतं पडलंय ना? मग गाडीखाली सारा की!"

"कशाला?"

"बोळात येणाजाणाऱ्यांच्या पायात येतंय."

वाद नको म्हणून चाक चासीखाली सारलं. पहिल्याच बोल्टाला हिसका दिला आणि वीट फुटली, जॅक आडवा झाला. गाडी धाडकन त्या चाकावर बसली. माझ्या नाकात आणि चासीत वीतभर अंतर उरलं. त्या दिवशी कमान तशीच राहिली. मीही राहिलो.

भाच्याकडे सगळंच शिस्तीत. सपाट काँक्रीट. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो, ती उचलल्यावर त्याचा उपयोग शून्य! चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. मग गाडी उचलून चासीखाली लोखंडी घोड्या लावल्या आणि मुद्दाम हलवून बघितली. घोडीवर नवरदेव हलला तर गंमत, गाडी हलली तर वरात वेगळीच.

मग चाकामागच्या उभ्या दांड्याखाली छोटा जॅक लावून तो जरासा उचलला. कारण चाकाला खाली लोंबू न देणारा शॉकॲबच असतो. आधाराशिवाय तो सोडवला, तर दाबलेली कमान मिळेल ते घेऊन सुटते. शॉकॲब निघाल्यावर त्यानं जॅक इंचाइंचानं खाली घेतला, ब्रेकची नळी ताणली जात नाही ना हे बघत, कमानीतला जोर ओसरेपर्यंत. दुसऱ्या बाजूलाही तेच. मग टोकांचे बोल्ट काढले, सीटमागचं झाकण उघडून डिफरन्शियलवरचे नट सोडवले आणि कमान अलगद बाजूला ओढून घेतली. खालचा एक बोल्ट मात्र बुशात गंजून बसला होता. त्याला करवतीनं कापायला अख्खी संध्याकाळ गेली. पण घाई नाही, हिसका नाही.

हे सगळं होत असताना मी एकदाच तोंड उघडलं.

"काढलेली चाकं चासीखाली सार."

"घोड्या आहेत ना, मामा."

"असू देत. सार."

त्यानं सारली. वर विचारलं, "हे कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे?"

चहाचा ट्रे घेऊन ही दारात उभी होती. म्हणाली, "आणि ते पाने उचला बरं आधी. येणाजाणाऱ्यांच्या पायात येताहेत."

मी भाच्याला म्हटलं, "हे बघ, मॅन्युअल आलं."